गुरुवारचे किडे आणि रोजचं मीठपाणी

गुरुवारी सकाळी नऊ वाजता धोंडू शितपाच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारात, पाय ठेवायला जागा नसायची. एरवी वर्षातले दहा महिने हा मांगर आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि उंदीर यांच्या ताब्यात असे. पण दोन हजार दोनच्या देवदिवाळीनंतर तिथे कृमीनाथ महाराज उतरले आणि उंदरांनी मुकाट बिऱ्हाड हलवलं. रत्नागिरी शहर रिक्षाने अर्ध्या तासावर, तिथे दातांचे चांगले सहा दवाखाने. तरी शहरातले लोकही उलटे इकडे यायला लागले. दवाखान्यात दात दुखतो. मांगरात चमत्कार दिसतो. दोन्हीत जास्त करमणूक कशात आहे, हे सांगायला नकोच.

"दाढ म्हणजे काय?" महाराज विचारायचे. हे घाटावरून आलेले, पण मुंबईतही बराच काळ घालवलेले असावेत, कारण त्यांचं मराठी दोन्हीकडचं आणि संस्कृत कुठलंच नव्हतं. "दाढ म्हणजे देवळाचा खांब! खांबाला वाळवी लागली तर पुजारी काय डॉक्टरकडं जातो?"

"नाय!" मांगर गर्जायचा.

"डॉक्टर म्हणतो, किडा नाही. अरे, त्याला कसा दिसणार? डॉक्टरची टॉर्च बघितली की किडा आत पळतो. माझ्या धुराला किडा बाहेर येतो. का? कारण धुराला नमस्कार करायचे संस्कार आहेत त्याच्यावर!"

किड्यांवर संस्कार असतात हे ऐकून बायकांनी आपापल्या मुलांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं.

मग विधी. शेगडीवर लोखंडी पळी लालबुंद व्हायची. महाराज तिच्यात 'मंतरलेल्या तुपाची' गोळी टाकायचे, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालायचे आणि भोकातून निघणारा धूर वेळूच्या नळीने रोग्याच्या तोंडात जायचा. रोगी पाण्याच्या परातीवर ओणवा, पळी आणि करवंटीही त्या परातीच्याच काठाला टेकलेली, आणि या सगळ्यावर एक जाड कांबळं. आत रोगी ठसकायचा, बाहेर महाराज ओरडायचे, आणि कांबळं उचललं की परातीत पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगताना दिसायचे. पाण्यात ते किंचित वळायचेसुद्धा. धोंडू शितप ते मोठ्याने मोजायचा. मांगर त्याचा, त्यामुळे किड्यांवरही त्याचा थोडा हक्क होता.

या गर्दीच्या अगदी मागे, उलट्या पेटीवर, हरिश्चंद्र साळवी बसलेले असत. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अठरा तिकीट तपासनीस म्हणून. आडवळणावर हात दाखवून गाडी थांबवायची आणि आत चढून झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला बरोबर हुडकायचं, यात त्यांचा हातखंडा होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गाव त्यांना 'चेकर' म्हणे. त्यांचा एकच सिद्धान्त होता: माणसाच्या तोंडाकडे बघू नये, तिकिटावर कुठून कुठपर्यंत आणि किती तारीख ते बघावं.

मांगरात ते येत ते फुकटच्या तमाशासाठी. दुसऱ्याच गुरुवारी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. महाराज कुणाच्याही तोंडात बघत नसत. गालावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि "डावी, खालची, दोन दाढा" असं सांगून मोकळे व्हायचे. प्रवाशाचं तिकीट न बघता पंच मारणारा कंडक्टर हरिश्चंद्रांनी आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्याला घरी पाठवताना रिपोर्ट त्यांनीच लिहिला होता. पण लोकांची हौस होत होती, त्यांचं काय जात होतं? ते गालातल्या गालात हसून घरी जात.

मधले तीन गुरुवार त्यांचे चुकले, आणि फेब्रुवारीत ते परत आले तेव्हा मात्र हसू मावळलं. कांबळ्याखालून राही बाहेर आली.

राही म्हणजे त्यांच्या पुतण्याची, भागोजीची मुलगी. भागोजी मुंबईत कंपनीत, घरी त्याची बायको कमळा आणि ही अठरा वर्षांची पोर. गेल्या श्रावणात राहीचा डावा गाल सुपारी ठेवल्यासारखा फुगला होता, तेव्हा तिला रत्नागिरीत डॉक्टर नीरजा खेर यांच्याकडे स्वतः हरिश्चंद्रच घेऊन गेले होते. तिथे जबड्याच्या हाडात गाठ निघाली. उपचार सुरू झाला, गाल वाढायचा थांबला, आणि म्हातारा निर्धास्त झाला. आणि आता ती इथे!

"सात!" धोंडूने मोजलं. "पैल्या गुरवारी एकवीस व्हते. मग सतरा. मग बारा. आज सात! आनि गाल बघा पोरीचा, किती बसलाय!"

गाल बसला होता, यात वादच नव्हता. किडे कमी, सूज कमी. याहून सरळ हिशोब कुठला? गर्दीने हात जोडले.

"पुढल्या गुरुवारी राणी किडा निघणार," महाराजांनी जाहीर केलं. "पण डॉक्टरनं पोरीच्या जबड्यात नळी खुपसलीय. ती नळी म्हणजे किड्यांचा दरवाजा! ती मी ह्या चिमट्यानं उपटणार. दार बंद, किडा बंद!"

चिमटा शेगडीतल्या निखाऱ्यांचा होता. हरिश्चंद्र पेटीवरून उठले आणि तडक बाहेर पडले.

त्यांनी कमळाला तिच्या पडवीत गाठलं.

"कमळे, किती गुरवार चाललांय ह्या?"

कमळाने मान खाली घातली. "ह्यो चवथा. काका, मी डॉक्टरनीचां सोडलां नाय हां. रोज दोन टाइम पिचकारीनं मीठपानी सोडतंय त्या नळीत. एक दीस चुकवला नाय. पन त्याला किती म्हयनं झालं? डॉक्टरीन काय दाखवीत नाय, नुसती म्हनते, धुवत ऱ्हा, धुवत ऱ्हा. ह्यो निदान किडा काडून दाखवतो."

"आनि नळी काडलीस तर?"

"मला नको ती नळी," राही आतून फणकारली. "तुमाला काय जातांय बोलायला, आजा? सकाळ-सांज तोंडात खारट. शिमग्याला समदे मुंबयवाले येतील, त्यांच्यासमोर ही नळी घेऊन हसू काय मी?"

अठरा वर्षांच्या मुलीला हसायचं असतं. हरिश्चंद्र दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने डॉक्टर नीरजांकडे गेले. तिथे त्यांचं जुनं खातं होतं. दीड वर्षापूर्वी वरची-खालची अख्खी कवळी त्यांनी तिथूनच करून घेतली होती, आणि ती इतकी झकास बसली होती की गावात कुणाला पत्ता नव्हता. म्हातारा या वयात काजू फोडून खातो म्हणून उलट कौतुकच होत असे.

डॉक्टर नीरजा तरुण होत्या, पण घाईने बोलत नसत. सगळं ऐकून त्यांनी कागदावर एक जबडा काढला.

"काका, राहीच्या जबड्यात एक अक्कलदाढ आडवी अडकलीय. तिच्याभोवती पाण्याची पिशवी झाली. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. तुकडा तपासून खात्री केलीय. पण ही पिशवी तुंबत जाते आणि आतून हाड दाबून पातळ करते. ऑगस्टमध्ये तिचं हाड इतकं पातळ होतं की कडक भाकरी चावताना मोडलं असतं. मार्ग दोन होते. तेवढा जबडाच कापून काढायचा, किंवा पिशवीला छोटी खिडकी पाडायची, नळी ठेवून ती उघडी राखायची आणि रोज धुवायची. आतला दाब गेला की हाड आपणहून परत भरतं. पण सावकाश. नऊ-दहा महिने. शेवटी उरलेली इवलीशी पिशवी दाढेसकट काढली की झालं."

"आणि नळी आत्ता उपटली तर?"

"भोक आठवड्याभरात बुजेल. पुन्हा पाणी तुंबेल. त्यात तो निखाऱ्याचा चिमटा. पू झाला तर मग मला पहिलाच मार्ग धरावा लागेल. अर्धा जबडा, काका. मी येते तुमच्याबरोबर समजावायला."

"नको," हरिश्चंद्र म्हणाले. "तुम्ही आलात तर म्हणतील, गिऱ्हाईक गेलं म्हणून बाई धावत आली. तुम्ही मला एवढंच सांगा, ते किडे येतात कुठून?"

ते डॉक्टरांनी सांगितलं. हरिश्चंद्रांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच दोनदा मांडीवर थाप मारली. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घेतली: राहीच्या जबड्याचे एक्स-रे कधी कधी काढले?

पुढच्या गुरुवारी मांगर फुटायचा बाकी होता. राणी किडा बघायला पाल्यापाचोळ्यासारखी माणसं लोटली. राही पुढे बसली होती, नवा पंजाबी ड्रेस घालून. कमळा तिच्यामागे, हातात नारळ. चिमटा शेगडीजवळ तयार.

"म्हाराज!" हरिश्चंद्र गर्दीतून वाट काढत पुढे आले. गालाला उपरणं बांधलेलं. "आधी माजी दाढ बघा. चार दीस ठनकतेय. जीव जाताय."

चेकर शरण आला! गर्दीत आनंदाची लाट उसळली. महाराजांनी मोठ्या मनाने त्यांना बसवलं, गालावर हात ठेवला, डोळे मिटले.

"उजवी बाजू. तीन दाढा. आतून सगळ्या पोखरल्या."

"अगदी बरोबर," हरिश्चंद्र म्हणाले. त्यांना खरोखरच थक्क व्हायला झालं होतं.

कांबळं पडलं. अंधारात त्यांनी वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि रिकामं तोंड परातीवर वासलं. धुराने डोळ्यांतून पाणी काढलं, नाकातून काढलं. बाहेर महाराज "ये! ये! बाहेर ये!" म्हणून कोकलत होते. कांबळं उचललं.

"अकरा... बारा... तेरा!" धोंडूचा आवाज चिरकला. "तेरा किडे चेकरभावोजींच्या दाढंतून!"

हरिश्चंद्र ताठ बसले. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भिडू पाहतेय. लोकांना आधी हा माणूस ओळखू येईना. त्यांनी खिशात हात घातला आणि दोन्ही कवळ्या परातीच्या कडेवर ठण्ण करून ठेवल्या. त्या तिथे, तेरा किड्यांशेजारी, सगळ्या गावाकडे बघून हसत राहिल्या.

मग हरिश्चंद्रांनी तांब्यातल्या पाण्याने कवळ्या धुतल्या, तोंडात बसवल्या आणि स्वच्छ आवाजात बोलले:

"अठ्ठावीस दात. एकसुद्धा माझा नाही. सगळे दवाखान्यात बनवलेले. आता महाराजांनी सांगावं, पोखरलेल्या तीन दाढा कुठल्या?"

महाराज असे तसे नव्हते. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ सावरली. "हिरडी! किडा हिरडीत असतो! दात जातो, किडा राहतो! गेलेल्या दातांची वासना असते ती!"

"असंल बा," कुणीतरी पुटपुटलं. आपल्याकडे वासनेचं नाव काढलं की निम्मं काम होतं.

"असेल की," हरिश्चंद्र म्हणाले. "मग आता तोंडच नको." त्यांनी महाराजांच्या डबीतली तुपाची एक गोळी उचलली, गरम पळीत टाकली, करवंटी पालथी घातली. वेळूची नळी बाजूला फेकली. कांबळंही घातलं नाही. परातीवर कुणी ओणवंही नाही. तूप तडतडलं. करवंटीच्या काठाखालून बारीक पांढरं काहीतरी टपटप पाण्यात उडायला लागलं.

"मोज रे, धोंडू."

धोंडू दोन पावलं मागे सरला. शेवटी पोरांनीच मोजलं. नऊ.

"बिचाऱ्या करवंटीच्या नऊ दाढा किडल्यात," हरिश्चंद्र म्हणाले. "ही गोळी फोडून बघा कुणीतरी."

आनंदीबाई पुढे सरसावल्या. या वयाने गावात सगळ्यात थोर. दोन महिन्यांत त्यांचे त्रेपन्न किडे निघाले होते आणि तरी दाढ दुखायची ती दुखतच होती. त्यांनी गोळी बोटांनी चुरली. तुपातून चपटं, पिवळट बी बाहेर आलं.

"अगो बाय माजे!" त्या किंचाळल्या. "ही तर रिंगनी! आमच्या बांधावर काट्यांचं झुडूप हाय, पिवळ्या फळांचं, त्याचां बी! मेल्या, माझ्या बांधावरचां बी माझ्याच तोंडातून काडलंस?"

"बी तापलं की फुटतं," हरिश्चंद्रांनी सांगितलं. "आतला पांढरा वाकडा कोंब उडून पाण्यात पडतो आणि भिजला की जरासा वळतो. झाला किडा. पोरीचे आधी एकवीस आणि मग सात कसे निघाले? गोळीत बी कमी घातलं, म्हणून. दाढेत किडा राहतच नाही. दात झिजतो, सडतो, त्याला भोक पडतं. त्यात कुणी घर करून बसलेलं नसतं."

महाराजांनी चिमटा, डबी आणि जपमाळ गोळा केली आणि मागच्या दाराने ते अंतर्धान पावले. हा त्यांचा एकमेव खरा चमत्कार. धोंडू शितप लगेच म्हणाला, "मी पैल्यापास्नं वळखला व्हता. मी गप ऱ्हायलो, म्हटलां बगू." असे पहिल्यापासून ओळखणारे मग मांगरात चाळीसेक तरी निघाले.

लोक पांगायला लागले तेव्हा कमळा पुढे आली. डोळे भरलेले, नारळ तसाच हातात.

"काका, किडे खोटे म्हना. पन माज्या राहीची सूज उतरली ती तर खरी ना? ती कुनी उतरवली?"

हा प्रश्न विचारणारी गर्दीत ती एकटीच होती, आणि सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. हरिश्चंद्रांनी पिशवीतून एक्स-रे काढले. ते त्यांनी सकाळीच कमळाच्या ट्रंकेतून राहीकडून मागून घेतले होते. दाराच्या उजेडासमोर पहिला धरला.

"हा ऑगस्टचा. हे काळं दिसतं ते पाणी, हाड खाऊन झालेलं भगदाड. कोंबडीच्या अंड्याएवढं. आता हा दुसरा. कोपऱ्यातली तारीख वाच, राही."

राहीने वाचली. "दोन नोव्हेंबर."

"दिवाळीच्या आधीचा. भगदाड अंड्यावरून सुपारीवर आलं. हाड भरायला लागलं. हाड आतून आधी भरतं, गाल बाहेरून मागाहून बसतो, म्हणून तुम्हाला तेव्हा दिसलं नाही. आता सांग, बाबा गावात कधी आला?"

"देवदिवाळीला," कमळा म्हणाली. "डिसेंबरात."

"गाडी ऑगस्टात सुटली. हा डिसेंबरात मधल्या थांब्यावर चढला, आणि पार पहिल्या थांब्यापासूनचं तिकीट दाखवून म्हणतो, गाडी मीच आणली!"

"मग कुनी..."

"तू," हरिश्चंद्र म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी खिडकी पाडली. ती उघडी कुणी राखली? सहा महिने, रोज दोनदा, पिचकारी भरून कोण उभी राहिली पोरीसमोर? आजारी असताना, भातकापणी चालू असताना, एक दिवस चुकला नाही म्हणालीस ना? हे हाड तू भरलंस, कमळे. आणि नारळ दुसऱ्याला द्यायला निघालीस."

कमळा तिथेच पेटीवर बसली. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. भाताचे, शेणाचे, कोयत्याचे वळ पडलेले ते हात. मग तिला रडू कोसळलं. आपण केलेल्या कामाचं नाव आपल्यालाच कळलं नव्हतं, याचं ते रडू होतं, आणि त्यात थोडा रागही होता.

राहीने दुसरा एक्स-रे हातात घेतला. बोटाने तिने ते काळं भगदाड चाचपून पाहिलं. मग ती आईजवळ गेली.

"आये, उठ. आज नळी काडायची म्हनून सकाळचां पानी सोडलंच नाय आपन. घरी चल."

शिमग्याला मुंबईवाले आले. राही नळीसकट हसली. दोघीतिघी मैत्रिणींनी विचारलं तर तिने गाल ओढून नळी दाखवलीसुद्धा. जूनच्या एक्स-रेत उरलं होतं ते वाटाण्याएवढं. डॉक्टर नीरजांनी ते अडकलेल्या दाढेसकट काढलं. जबडा जिथल्या तिथे.

वाचकहो, किडा दिसला म्हणून लोक बाबापुढे लोटांगण घालतात आणि हाड भरताना दिसत नाही म्हणून डॉक्टरवर शंका घेतात. खरं बरं होणं हे असंच असतं. ते हळू चालतं, त्याला वाजंत्री नसते, आणि त्यातला बराचसा भाग घरातलंच कुणीतरी रोज उठून मुकाट्याने करत असतं. तेव्हा पुढे कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर दोन गोष्टी विचारा. तुमच्याशिवाय, नुसत्या करवंटीवर तो होतो का? आणि बरं वाटायला सुरुवात झाली ती नक्की कुठल्या तारखेला? एवढं विचारायला शाळेत जावं लागत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरने लावलेल्या नळीला कुणालाही हात लावू देऊ नका.